घरचा आणि घराचा



या व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका हातात आली तेव्हा माझी नजर पहिल्याच ओळीत अडकली. शाळेतल्या माझ्या गुरुजींचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'यांच्या स्मरणार्थ'. नाव सरळ उभं आहे, त्याला कुठं धक्का लागलेला नाही, आणि विभक्तीचा सगळा भार त्या बिचाऱ्या 'यां'नं उचललेला आहे. गुरुजी असते तर ही पत्रिका वर्गापुढे धरून त्यांनी विचारलं असतं, "हा 'यां' इथं कशाला आला रे?" आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. वाट थोडी लांबची आहे, तुर्कस्तानावरून जाते. पण आपल्या भाषेचं घर मला नीट दिसलं ते त्या वाटेवरूनच.

आमची शाळा खानापूर तालुक्यातली, विट्यापासून काही कोसांवर. विभक्तीचा तक्ता आम्ही पाढ्यासारखा म्हणायचो. स, ला, ते. स, ला, ना, ते. एक दिवस गुरुजींनी आमचा सूर मध्येच थांबवला. फळ्यावर 'घर' लिहिलं, शेजारी 'ला' लिहिलं, आणि म्हणाले, "जोडा." आम्ही म्हणालो, "घराला." "मग हा काना कुठनं आला? घरात नव्हता, ला मध्ये नव्हता." वर्ग गप्प. तेव्हा ते म्हणाले, "बाई पाटी डोक्यावर घेताना आधी जरा वाकती का न्हाई? तसा शब्द वाकतो. प्रत्ययाचं ओझं घ्यायचं तर वाकावं लागतं."

पुस्तकात याला सामान्यरूप म्हणतात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केलं. या मोठ्या माणसांनी सामान्यरूपाचे नियम बारकाईनं मांडले. पण मला ते कळलं ते पाटी उचलणाऱ्या बाईमुळे.

आपल्या दोन जिल्ह्यांचीच नावं घ्या. सातारा: साताऱ्याला, साताऱ्यात, साताऱ्याहून. सांगली: सांगलीला, सांगलीत, सांगलीहून. सातारा वाकतो, सांगली ताठ राहते. मिरज वाकते, मिरजेला. कराड वाकत नाही. विटा वाकतो, वाळवा वाकतो, मेढा वाकतो. फलटण, औंध, जत, पलूस वाकत नाहीत. आकारान्त पुल्लिंगी नाव वाकतं, ईकारान्त स्त्रीलिंगी एकवचनात तसंच राहतं, गावाचं नाव अकारान्त असेल तर बहुधा तसंच. नियम सांगता येतो, पण तो शिकवलेला नसतो. कराडच्या स्टँडवर पाच वर्षांचं पोर आईला "आपण साताऱ्याला कधी जायचं?" असं बिनचूक विचारतं. त्याला कुणी तक्ता दिलेला नसतो.

आता तुर्कीकडे वळतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी तुर्की व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसलो. भाषांच्या कुळांची गोडी मला वाईच्या विश्वकोशामुळे लागली होती. त्यातल्या भाषाविषयक नोंदींपैकी कितीतरी ना. गो. कालेलकरांच्या आहेत, आणि त्या वाचणाऱ्याला परकी भाषाही शेजारच्या गावासारखी वाटू लागते.

तुर्कीत घराला 'एव' म्हणतात. एविम म्हणजे माझं घर. एविमदे म्हणजे माझ्या घरात. एविमदेन, माझ्या घरातून. एवलेरिमिझदे, आमच्या घरांमध्ये. एकाच शब्दात घर, अनेकवचन, मालक आणि विभक्ती, आणि त्यांचा क्रम कधी ढळत नाही. आधी किती घरं ते सांगायचं, मग ती कुणाची, आणि मग त्यांचं काय. मणी ओवावेत तसे प्रत्यय ओवले जातात आणि प्रत्येक मणी वेगळा मोजता येतो. आपल्याकडे 'माझं' हा वेगळा शब्द घराच्या आधी येऊन उभा राहतो. त्यांच्याकडे मालकी वस्तूच्या अंगावरच गोंदलेली असते.

तरी एका बाबतीत आपण आणि ते सख्खे शेजारी वाटतो. 'माझ्याजवळ असणे' यासाठी वेगळं क्रियापद ना आपल्याकडे आहे, ना त्यांच्याकडे. तुर्की माणूस म्हणतो 'एविम वार', म्हणजे 'माझं घर आहे'. पैसे नसले तर 'पारम योक', 'माझा पैसा नाही'. आपणही 'मला दोन मुली आहेत', 'माझ्याकडे पैसे नाहीत', 'माझं शेत आहे' असंच म्हणतो. मालक वाक्याचा कर्ता होऊन मिरवत नाही. वस्तू असते, आणि ती कुणाच्या तरी बाजूला असते. शेतकऱ्याच्या तोंडी 'माझी जमीन आहे' हे वाक्य ऐका. त्यात जमीन आहे हे आधी आहे.

एकदा वहीत मी साताऱ्याला आणि सांगलीला तुर्की प्रत्यय लावून बघितले. सातारादा, सांगलीदे. सातारादान, सांगलीदेन. तुर्कीत स्वरांचं एक मेतकूट असतं. शब्दातला शेवटचा स्वर जिभेच्या मागच्या बाजूचा असेल तर प्रत्ययाचा स्वरही तसाच होतो, पुढच्या बाजूचा असेल तर तोही पुढचा. म्हणून साताऱ्याला 'दा' आणि सांगलीला 'दे'. विशेषनाम असलं तर मध्ये एक लहानसं चिन्हही देतात, नाव कुठं संपलं आणि प्रत्यय कुठं लागला ते कळावं म्हणून. त्या दोन ओळी मी किती वेळ बघत बसलो होतो. जी भाषा कृष्णाकाठी कुणी बोलत नाही तीही आपल्या दोन गावांना वेगवेगळं वागवत होती, आपण वागवतो तसंच. फक्त उलट बाजूनं. तुर्की नावाला हात लावत नाही, प्रत्यय बदलते. मराठी 'त' आणि 'ला' जिथल्या तिथं ठेवते आणि नाव वाकवते.

अशी ओवलेली भाषा बघायला इस्तंबूलला जायची गरजही नाही. जतच्या बाजारात उभं राहा. कन्नड बोलणारी माणसं घरी जायचं असलं की 'मनिगे' म्हणतात, घरात असलं की 'मन्याग', आपलं घर असलं की 'नम्म मनी'. तिथंही प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात. मात्र 'नम्म' आपल्या 'आमच्या'सारखं पुढेच उभं राहतं. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला कितीतरी घरांत माणूस सकाळी 'मनिगे' म्हणतो आणि दुपारी तालुक्याच्या कचेरीत 'घराला', आणि दोन्ही वेळेला चुकत नाही. या लोकांविषयी मला फार आदर वाटतो. व्याकरणाच्या दोन वाटा ते एका पायात घेऊन चालतात.

आता षष्ठी. चा, ची, चं. आजचा माझा मुख्य विषय हाच.

'घराचा दरवाजा' आणि 'घरचा माणूस' यांत एका कान्याचं अंतर आहे. 'घराचा माणूस' म्हटलं तर कानाला लागतं, आणि 'घरचा दरवाजा' म्हटलं तर तो कोणत्या अर्थानं घरचा, असा प्रश्न पडतो. घराचा म्हणजे त्या घर नावाच्या वस्तूचा. घरचा म्हणजे त्या घरात जो मुरला आहे तो. गावचा पाटील, पण गावाचा कायापालट. घरचं जेवण, पण घराचं बांधकाम. तसंच शेजारचा, माहेरचा. मंडळी, हा फरक मराठी माणूस दिवसातून पन्नास वेळा करतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. तुर्कीतही याच्यासारखं काही आहे. 'एव कापसं' म्हणजे घराला असतो तसा दरवाजा, आणि 'एविन कापसं' म्हणजे त्या अमुक घराचा दरवाजा. तिथं घराला षष्ठी लागली की घर ठरलेलं असतं, न लागली की ते फक्त दरवाज्याचा प्रकार सांगतं. आपल्याकडे षष्ठी दोन्हीकडे लागते, आणि वाकणं किंवा न वाकणं हा फरक करतं.

असं का, याचा एक धागा झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं दाखवला. १९२० साली पॅरिसला त्यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९४१ साली वा. गो. परांजप्यांनी तो मराठीत आणला. ब्लॉकच्या मते आपला 'चा' संस्कृतातल्या 'त्य' प्रत्ययाचा वंशज आहे, दाक्षिणात्य आणि पाश्चात्य या शब्दांत दिसतो तो. म्हणजे 'चा'चा मुळातला अर्थ 'तिथला' असा. मालकी नंतरची, आधी राहणं. हे वाचलं त्या दिवशी 'घरचा' हा शब्द मला एकदम जुना वाटायला लागला, जात्यासारखा.

'चा'ला आणखी एक खोड आहे. तो मालकाला चिकटतो, पण बघतो वस्तूकडे. साताऱ्याचा पेढा, साताऱ्याची हवा, साताऱ्याचं पाणी. सातारा एकच, पण 'चा' समोरच्याचं लिंग बघून रूप धरतो. आणि पुढे ओझं आलं की 'चा' स्वतःही वाकतो: साताऱ्याच्या पेढ्याच्या दुकानातल्या काकांना. ओळीत बसलेली पंगत एकामागून एक सरकून जागा करते तसं हे आहे. तुर्कीत लिंग नाही, म्हणून हे नाही. तिथं मालकालाही खूण लागते आणि वस्तूलाही: अहमदचं घर म्हणायचं तर 'अहमेतिन एवी', म्हणजे 'अहमदचं घर-त्याचं'.

आपल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या प्रवासवर्णनाचं नाव 'माझा रशियाचा प्रवास'. अण्णा भाऊ १९६१ साली रशियाला गेले होते. या नावात दोन षष्ठ्या आहेत, 'माझा' आणि 'रशियाचा'. एक प्रवास करणाऱ्याची, एक प्रवासाच्या जागेची, आणि दोन्ही 'प्रवास' या एका शब्दाकडे बघून पुल्लिंगी झाल्या आहेत. तुर्कीत हे 'रुस्या सेयाहातिम' होईल: रशिया उघडीच, आणि 'माझा' प्रवासाच्या शेपटीला. दोन्ही बरोबर आहेत. पण मराठीत वाटेगावचा माणूस आणि रशिया नावात शेजारी शेजारी, एकाच मापाचे उभे राहतात, ते मला फार आवडतं.

तुर्की आपल्याकडे आली ती फारसीच्या पालखीत बसून, आणि तिच्याबरोबर आली तोफ. कैची, चकमक, उर्दू, यलगार हे शब्दही त्याच वाटेचे. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, आणि रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. तिचं फारसी नाव 'मलिक-ए-मैदान'. मधला 'ए' हा फारसीचा षष्ठीसारखा दुवा. मराठी तोंडात तो गळाला आणि 'मुलूखमैदान' झालं. तोच दुवा दुसरीकडे मात्र घट्ट धरून राहिला आहे. 'किल्ले रायगड', 'मौजे अमुक', 'कसबे तमुक' यांतला शेवटचा 'ए' तोच. जमिनीच्या कागदावर आणि लग्नाच्या पत्रिकेवर तो आजही बसलेला असतो. आणि 'तोफ' बघा. आपण 'तोफला' म्हणत नाही, 'तोफेला' म्हणतो. 'तोफेच्या तोंडी'. तुर्की शब्द आला, मराठीनं त्याला वाकायला शिकवलं, आणि त्या दिवसापासून तो आपला झाला.

मला सर्वांत हलवून गेलेला शब्द 'बेगम'. १६८९ साली रायगड पडला आणि बाल शाहूराजे व येसूबाई मोगलांच्या छावणीत गेले. औरंगजेबाची मुलगी जीनतुन्निसा बेगम त्यांच्याशी मायेनं वागली, असं इतिहास सांगतो. पुढे १७०७ साली शाहूराजे सुटून आले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. आता 'बेगम' शब्द उलगडून बघा. 'बेग' म्हणजे सरदार, मोठं माणूस. त्याला लागलेला 'म' तोच, जो 'एविम'मध्ये आहे: माझा, माझी. 'बेगम' आणि 'खानम' या शब्दांची फोड व्युत्पत्तिकार अशीच करतात. कधीतरी कुणीतरी प्रेमानं, आदरानं 'माझी' म्हणालं, आणि तो 'माझी' शब्दात कायमचा अडकून राहिला. पुढच्यांना तो दिसेनासा झाला. आपण 'बेगमेचा' म्हणतो तेव्हा एका शब्दात दोन षष्ठ्या असतात, आत तुर्की, बाहेर मराठी. आणि मराठीनं इथंही 'बेगम'ला 'बेगमे' केलं, वाकवलं.

आता मला खुपणारी गोष्ट सांगतो. साताऱ्यात स्टँडच्या परिसरात एक पाटी बघितली: 'साताराचे सुप्रसिद्ध कंदी पेढे'. दुसरीकडे 'सातारा ची शान', प्रत्यय तोडून, हातभर अंतर सोडून. मोबाईलवर 'साताराला निघालोय' असे निरोप रोज येतात. कुणी म्हणेल, ऱ्या टाइप करायला जड जातो. खरं आहे. तो अर्धा ऱ मराठीचं खास धन आहे. त्याच्यामुळे आचार्यांना आणि आचाऱ्यांना वेगवेगळं बोलावता येतं, दर्या आणि दऱ्या निराळ्या राहतात. पण मला वाटतं कारण फक्त बोटांचं नाही.

दोन शहरं घ्या. आग्रा आणि अंकारा. दोन्ही आकारान्त. आग्र्याहून सुटका असं आपण म्हणतो, 'आग्राहून' कुणी म्हणत नाही. पण अंकारा? अंकाराला, अंकाराहून. 'अंकाऱ्याला' म्हणायला जीभ वळत नाही. कॅनडाही तसाच. पाटणा वाकतो, ढाका वाकतो, आग्रा वाकतो, कारण तीनशे वर्षं आपण त्यांची नावं घेत आलो, तिथं गेलो, तिथून आलो. मराठीत परक्याला वाकवत नाहीत. त्याला ताठ उभं राहू देतात, पाहुण्याला पाट देऊन बसवावं तसं. वाकवतात ते आपल्याला. म्हणून कुणी 'साताराला' लिहिलं की माझ्या पोटात कालवतं. आपण साताऱ्याला अंकाराच्या पंगतीत नेऊन बसवलं, असं वाटतं.

माणसांच्या नावांचंही हेच. 'मोऱ्यांची जावळी' हे शब्द इतिहासात पक्के बसले आहेत. जतचे डफळे, त्यांची ती डफळ्यांची जहागीर. म्हसवडचे माने, ते मान्यांचे. आज वर्तमानपत्रात 'मोरेंची', 'मानेंचा', 'शिंदेंनी'. मी याला चूक म्हणणार नाही. भाषा बदलते, आणि आडनाव हे आता शिक्क्यासारखं झालं आहे, ते हलवायला लोक कचरतात. पण 'मोऱ्यांची' म्हणताना जी सलगी होती ती 'मोरेंची'त नाही, हे तरी ऐकू यावं. आणि जिथं आदरानं अंतर ठेवायचं तिथं मराठीनं फार पूर्वीच एक सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे 'यां'. अमुक यांचा सत्कार, तमुक यांच्या हस्ते. नावाला हात लावायचा नाही, शेजारी एक सर्वनाम उभं करायचं आणि ओझं त्याच्या डोक्यावर द्यायचं. तुर्की जे काम त्या लहानशा चिन्हानं करते तेच आपण 'यां'कडून करून घेतो. गुरुजी, पत्रिकेतला 'यां' यासाठी आला.

ग्रामीण बोलीत मात्र हे अंतर टिकत नाही. 'पोरास्नी सांग', 'आमास्नी ठावं न्हाई'. पुस्तकातल्या 'स'ला शहरानं पत्रापुरतं ठेवलं, 'श्री. अमुक यांस' असं. खानापूर-आटपाडीकडे तो 'स्नी' होऊन रोजच्या बोलण्यात नांदतो आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली तेव्हा ही बोली छापील पानावर मानानं उभी राहिली. योगायोग असा की त्याच साली साताऱ्याचे दोन भाग होऊन 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. नकाशावर रेघ पडली, पण 'स्नी'वर रेघ पडली नाही.

गेल्या वर्षी मी गुरुजींच्या गावाला गेलो. गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं मुंबईला, घर विकलेलं. वेशीजवळ मेंढरं वळणाऱ्या एका म्हाताऱ्याला घर विचारलं. पत्ता सांगायला मी गुरुजींचं पूर्ण नाव घेतलं, पत्रिकेवर असतं तसं. तो गोंधळला. मग उजेड पडल्यासारखा म्हणाला, "मास्तरांचं घर व्हय? ह्ये म्होरं, लिंबाच्या म्हागं." दारात एक बाई हळद निवडत बसली होती. ज्यांनी घर घेतलं त्यांची सून. मी सांगितलं, मी मास्तरांचा विद्यार्थी. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि आत हाक मारली, "अवं, बगा कोन आलंय." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आत या की. घरचंच हायसा तुमी."